सायकलने कामावर: गर्दीचा रस्ता, सायकल लेन आणि आपली जागा

सायकलने कामावर जायचं ठरलं की पहिली फेरी सायकलच्या दुकानाची होते. गिअर किती, वजन किती, हेल्मेट कुठलं, यात दोन आठवडे जातात आणि रस्त्याचा विचार पहिल्या दिवशी भर चौकात उभं राहिल्यावर सुचतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. घरातली जुनी सायकल बऱ्या रस्त्यावर वर्षानुवर्षं सुखाने चालते. महागडी सायकल वाईट रस्त्यामुळे महिन्याभरात भिंतीला टेकते. म्हणून आधी रस्ता, मग त्या रस्त्यावर आपण नेमकं कुठून चालवायचं ते, आणि सायकल त्यानंतर.

पुढे डावं-उजवं लिहिलंय ते डावीकडून वाहतूक चालते अशा रस्त्यांसाठी. उजवीकडून चालत असेल तिथे सगळं उलटं धरा.

१. रस्ता ठरवा, तोही सुट्टीच्या दिवशी

सिग्नल धरून शहरात साधा सायकलवाला ताशी 12 ते 16 किलोमीटरने जातो. म्हणजे 5 किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं. एका बाजूचे सात-आठ किलोमीटर नवख्यालाही काही दिवसांत जमतात. त्याहून लांब असेल तर अर्धं अंतर ट्रेन किंवा मेट्रोने जा, नाहीतर पॅडलला मदत करणारी बॅटरीची सायकल बघा. युरोपीय संघाच्या नियमात अशा सायकलची मोटर 250 वॅटची असते आणि ताशी 25 किलोमीटरला मदत बंद होते. कामावर जायला तेवढं पुरतं.

फोनवरचा नकाशा जो सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, तो बहुतेक वेळा गाड्यांच्या सोयीचा असतो. त्याच्या समांतर, एक-दोन गल्ल्या आत, घरांमधून जाणारा रस्ता शोधा. तो किलोमीटरभर लांब पडला तरी वेळ फारसा वाढत नाही, कारण मोठ्या चौकांतले सिग्नल वाचतात.

दोन रस्त्यांतून एक निवडताना मी या क्रमाने बघतो: गाड्यांचा वेग, ट्रक-बसची वर्दळ, उजवीकडे किती वेळा वळावं लागतं, आणि कडेला लावलेल्या गाड्या. चढ सगळ्यात शेवटी. चढाला आठवडाभरात पाय सरावतात, साठच्या वेगाने खांद्याजवळून जाणाऱ्या गाड्यांना कुणी सरावत नाही.

ठरलेला रस्ता सुट्टीच्या सकाळी एकदा चालवून बघा, मग कामाच्या दिवशी नेमक्या ऑफिसच्या वेळेला. परतीचा रस्ता वेगळा तपासा. सकाळी जिथे सुटसुटीत डावं वळण होतं तिथेच संध्याकाळी तीन लेन ओलांडून उजवीकडे वळायचं असतं, आणि वर अंधार.

२. सायकल लेन दिसली म्हणून लगेच भरवसा ठेवू नका

रंगाची एक रेघ ओढली की कागदावर सायकल लेन तयार होते. प्रत्यक्षात ती उपयोगाची आहे की नाही, हे चार गोष्टींवरून कळतं.

पहिली रुंदी. हँडल साधारण 60 ते 70 सेंटीमीटरचं, आणि चालवताना सायकल थोडी इकडे-तिकडे होतेच. त्यामुळे एका माणसाला मीटरभर तरी जागा लागते. मागचा पुढे जाऊ शकेल अशी एकेरी लेन हवी तर निदान दोन मीटर.

दुसरी गोष्ट, पार्किंग लेनच्या कुठल्या बाजूला आहे. उभ्या गाड्या आणि धावत्या गाड्या यांच्या मधोमध मीटरभराची लेन आखलेली असेल, तर ती लेन म्हणजे दरवाजे उघडायची जागा आहे. अशा लेनच्या उजव्या रेघेवरून किंवा सरळ बाहेरून चालवलेलं बरं. नेदरलँड्समध्ये मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी हाच क्रम फिरवलेला दिसतो: फूटपाथ, सायकल ट्रॅक, दरवाज्यापुरती मोकळी पट्टी, मग उभ्या गाड्या, मग वाहतूक. उभ्या गाड्याच आडोसा होतात.

तिसरी, लेन दोन्ही दिशांची आहे का. रस्त्याच्या एकाच कडेला दुहेरी ट्रॅक असेल तर उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराला गल्लीच्या तोंडाशी धोका असतो. गल्लीतून बाहेर पडणारा ड्रायव्हर जिकडून गाड्या येतात तिकडेच बघतो. तुम्ही दुसऱ्या बाजूने येताय हे त्याच्या डोक्यातही नसतं. अशा प्रत्येक तोंडाशी ब्रेकवर बोटं ठेवून, त्याची नजर मिळाल्यावरच पुढे जा.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी: चौकात लेनचं काय होतं? दोन चौकांच्या मधला सरळ रस्ता बहुधा निभावतो, खरा गोंधळ चौकात असतो आणि नेमकी तिथेच लेन गायब होते. चांगल्या चौकाची एक खूण आहे. कोपऱ्यावर छोटं बेट असतं आणि सायकलचा मार्ग गाड्यांच्या मार्गापासून थोडा आत सरकवलेला असतो. त्यामुळे वळणारी गाडी सायकलच्या मार्गावर येते तेव्हा जवळजवळ काटकोनात आलेली असते, आणि सायकलवाला ड्रायव्हरला आरशात शोधावा न लागता समोरच्या काचेतून दिसतो.

आपल्या शहरात हे होणं नाही असं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. नेदरलँड्स पूर्वीपासून असं नव्हतं. 1971 साली तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, त्यात 1973 चं तेलसंकट आलं, आणि तिथून हळूहळू रस्ते बदलले. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने तर 2006 नंतरच्या काही वर्षांत गाड्यांपासून वेगळ्या केलेल्या ट्रॅकचं अख्खं जाळं उभं केलं. एकमेकांना जोडलेलं, हे त्यातलं महत्त्वाचं. मधेच तुटणारे तुकडे किलोमीटरमध्ये मोजायला छान दिसतात, चालवायला उपयोगी पडत नाहीत.

लेन टाळायची ठरवण्याआधी आपल्या शहराचा नियम बघा. काही देशांत सायकलचा ट्रॅक असेल तर तोच वापरावा लागतो.

३. रस्त्यावर येण्याआधी मैदानात जमवायच्या गोष्टी

सायकल येणं वेगळं आणि वाहतुकीत सायकल चालवणं वेगळं. रिकाम्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये हे पक्कं करा: सरळ रेघेत चालवत असताना उजव्या खांद्यावरून मागे वळून बघणं. पहिल्यांदा बघाल तेव्हा सायकल उजवीकडेच जाईल, कारण मानेबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर हँडल वळतं. उजव्या हाताची पकड सैल ठेवा, हनुवटी खांद्याला लावायची आहे असं समजून फक्त मान फिरवा. मागे कुणीतरी उभं करा आणि त्याने किती बोटं दाखवली ते ओरडून सांगा. म्हणजे नुसतं वळलात की खरंच बघितलंत ते कळेल.

मग एका हाताने चालवत इशारा देणं. आणि जोरात थांबणं. ताशी 20 च्या वेगात सेकंदाला साडेपाच मीटर जातात. डोक्याला कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी चार मीटर, म्हणजे सगळे मिळून दहाएक मीटर. थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. दोन्ही एकदम दाबा, हात ताठ करा आणि बूड सीटच्या मागे सरकवा. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय असेल तर ती इथेच मोडा.

४. कडेला चिकटू नका

नवखा सायकलवाला आपण कुणाला अडचण नको म्हणून रस्त्याच्या अगदी कडेने जातो. कडेला काय असतं? खडी, काचा, गटारांच्या जाळ्या, साचलेलं पाणी. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला समांतर असतील तर अरुंद टायर सरळ आत जातो. ते चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता, आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. त्यात कडेचा माणूस ड्रायव्हरच्या नजरेत भरत नाही. ‘जाईल आपली गाडी बाजूने’ असं त्याला वाटतं.

हिशोब करून बघा. कडेपासून तुमचं अंतर अर्धा मीटर, तुमची रुंदी पाऊण मीटर, गाडीने सोडायचं अंतर दीड मीटर, आणि गाडी आरशांसह दोन मीटर. झाले पावणेपाच. शहरातली एक लेन साधारण तीन ते साडेतीन मीटर असते. म्हणजे त्याच लेनमधून नीट अंतर ठेवून तुम्हाला ओलांडणं शक्यच नाही, तुम्ही कितीही कडेला असलात तरी. कडेला चिकटून तुम्ही फक्त न मावणाऱ्या जागेत घुसायचं आमंत्रण देता.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात, जानेवारी 2022 च्या बदलांत हे स्पष्ट लिहिलं गेलं. वाहतुकीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर राहा, आणि शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत किंवा चौक जवळ आला की लेनच्या मधून चालवा. ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडणाऱ्याने दीड मीटर अंतर सोडावं, हेही त्यात आहे. कुठल्याही शहरात वापरावं असं हे शहाणपण आहे. एरवी कडेपासून हातभर आत, सरळ रेघेत. रस्ता अरुंद झाला, चौक आला, पुढे गाड्या उभ्या दिसल्या, की मागे बघायचं, हात दाखवायचा आणि लेनच्या मधे यायचं. अडचण सरली की परत डावीकडे. मागचा हॉर्न वाजवेल. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलात.

पण जिथे गाड्या साठ-सत्तरने जातात तिथे लेनच्या मधून चालवा असं मी नवख्याला सांगणार नाही. नियमात बसत असलं तरीही. तिथे रस्ता बदला.

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना पूर्ण दरवाजा उघडला तरी लागणार नाही इतकं, म्हणजे मीटर ते दीड मीटर अंतर ठेवा. दरवाजा लागतो तेव्हा बरेचदा त्याची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागते, हँडल झटक्यात डावीकडे फिरतं आणि माणूस उजवीकडे, म्हणजे धावत्या गाड्यांच्या बाजूला फेकला जातो. म्हणून हा अपघात दिसतो त्यापेक्षा वाईट. रांगेजवळून जाताना मागच्या काचेतून ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय का बघा. ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझला का? आरशात चेहरा आहे का? पुढचं चाक रस्त्याकडे वळलंय का? यातलं एक जरी दिसलं तरी वेग कमी. आणि स्वतः गाडीत असाल तेव्हा दरवाजा लांबच्या हाताने उघडा. उजवीकडचा दरवाजा डाव्या हाताने उघडायला गेलं की शरीर वळतं आणि नजर आपोआप मागे जाते. याला ‘डच रीच’ म्हणतात. हायवे कोडच्या त्याच बदलांत ही सवयही आली.

५. चौक

इथे घाई करायची नाही. नेहमीचा अपघात असा: तुम्ही सरळ चाललाय, गाडी तुम्हाला ओलांडून पुढे जाते आणि लगेच तुमच्या पुढ्यात डावीकडे वळते. यावर उपाय म्हणजे चौकाच्या तीस-चाळीस मीटर आधीच लेनच्या मधे येणं, म्हणजे तिला ओलांडायला जागाच उरत नाही. आणि सिग्नलला हळू चाललेल्या गाड्यांच्या डावीकडून पुढे घुसत असाल तर चौकाच्या तोंडाशी थांबा, एखाद्या गाडीच्या मागे रांगेत या. दोन सेकंद वाचवायला हा सौदा महाग आहे.

ट्रक आणि बसबद्दल एकच नियम, आणि तो कधीच मोडायचा नाही: सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे जायचं नाही. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून जातात. ट्रकचं तोंड आधी थोडं उजवीकडे झुकतं, डावीकडे ऐसपैस जागा दिसते, माणूस आत शिरतो. मग ट्रक वळायला लागतो आणि ती जागा मधल्या भागात कमी कमी होत फूटपाथपर्यंत संपते. उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला डाव्या दरवाज्याखालचा माणूस दिसतच नाही. लंडनमध्ये 12 टनांहून जड ट्रकला केबिनमधून किती थेट दिसतं यावर परवाना देण्याचा नियम 2021 पासून लागू झाला, तो याचसाठी. तुमच्या शहरात तसा नियम असेल नसेल. तुम्ही ट्रकच्या मागे थांबा. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या नाकासमोर चिकटून उभं राहणंही तितकंच वाईट, तिथेही त्याला दिसत नाही. सायकलसाठी पुढे वेगळी थांबण्याची चौकट आखलेली असेल आणि तिथपर्यंत मोकळा रस्ता असेल तरच पुढे जा.

उजवीकडे वळायचं असेल आणि रस्ता मोठा असेल तर दोन टप्प्यांत वळा. हिरव्या सिग्नलवर डाव्या बाजूनेच सरळ चौक पार करा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल उजवीकडे तोंड करून फिरवा, आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की सरळ जा. डेन्मार्कमध्ये, तिथली वाहतूक उजवीकडून असल्यामुळे डावं वळण घेताना, सायकलवाल्यांना असंच दोन टप्प्यांत वळावं लागतं, तसा कायदाच आहे. एखादा सिग्नल जास्त लागतो, पण तीन लेन कापाव्या लागत नाहीत.

सिग्नलवरून आठवलं: कोपनहेगनमध्ये काही रस्त्यांवरचे सिग्नल ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला सलग हिरवे मिळतील असे लावलेत. आपल्याकडे तसं नसलं तरी रोजच्या रस्त्यावरच्या सिग्नलची चाल आठ-दहा दिवसांत समजते. बऱ्याचदा जीव तोडून पळवलं तर लालच मिळतो आणि निवांत गेलं तर हिरवा.

रस्त्यात ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ असतील तर शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. तिरपं गेलं तर टायर खाचेत अडकतो.

उलट्या दिशेने जाणं तर सोडाच. ‘समोरून येणारा दिसतो’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तुम्ही 20 ने आणि गाडी 40 ने त्याच दिशेने असेल तर वेगातला फरक 20, समोरासमोर असेल तर 60.

६. सायकल: थोडक्यात

32 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन्ही चाकांना मडगार्ड, मागे कॅरियर, घंटी. कामावर जायला एवढं पुरे. सीटची उंची अशी लावा की सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पॅडलवर ठेवली तर पाय सरळ होतो. मग चवड्याने चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघेदुखीच्या कितीतरी तक्रारी केवळ खाली ठेवलेल्या सीटमुळे असतात.

हवा आठवड्यातून एकदा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, त्या किमान-कमाल आकड्यांच्या मधे ठेवा. ब्रेकचे रबर झिजून खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. चेन ताणली गेली का ते साध्या पट्टीने कळतं: एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचावर पिनचा मध्य येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेला असेल तर चेन बदला. आठव्या भागाने गेला असेल तर बहुधा दातेही झिजलेत, म्हणजे खर्च वाढला.

पंक्चर झालं आणि नवी ट्यूब घातली, तरी आधी टायरच्या आतून हळू बोट फिरवा. काटा किंवा काच तिथेच असेल तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसेल.

७. पाऊस, अंधार, घाम

पाऊस सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वांत निसरडी. रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, लोखंडी प्लेटा यांवर ना वळायचं ना ब्रेक मारायचा. रिमला लागणारे ब्रेक असतील तर आधी पाणी पुसण्यात वेळ जातो, म्हणून थांबायच्या बरंच आधीपासून हलकेच दाबत राहा. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते माहीत नसेल तर त्यातून जायचं नाही.

अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यात नको. मागचा रात्री स्थिर ठेवावा असं माझं मत. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. पाठीवरच्या चमकत्या जॅकेटबरोबरच घोट्याला चमकती पट्टी बांधा. पाय वर-खाली होतात, आणि ती हालचाल बघून ड्रायव्हरला हा सायकलवाला आहे हे लांबूनच कळतं.

घामाचा प्रश्न निम्मा वेगाचा आणि निम्मा पाठीवरच्या सॅकचा असतो. सामान कॅरियरला अडकवा, शेवटचा किलोमीटर संथ जा आणि एक कोरडा शर्ट ऑफिसात ठेवून द्या.

कुलूप लावताना मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही पक्क्या खांबाला अडकतील असं लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चोर चाक सोडून बाकी सगळं नेतो.

८. लेन बिघडली असेल तर तक्रार अशी करा

‘सायकल लेन खराब आहे’ अशा तक्रारीला ‘पाहणी करण्यात आली’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. नेमकं लिहा: कुठला चौक, कुठल्या दिशेची लेन, कितव्या खांबाजवळ, काय बिघडलंय. खड्डा असेल तर पट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे खोली दिसते. लेन संपते तिथे पायरी असेल तर तिची उंची मोजा. गाड्या उभ्या राहत असतील तर तीन वेगवेगळ्या दिवसांचे, वेळ दिसेल असे फोटो जोडा. एका अर्जात एकच जागा. दहा जागांची यादी दिली तर त्यातल्या सर्वांत सोप्या जागेचं काम होऊन अर्ज निकाली निघतो. आणि फोटो गर्दीच्या वेळेला काढा. सकाळी सहाच्या रिकाम्या लेनचा फोटो बघून अधिकाऱ्याला अडचण कळणार नाही.